पेट्रोल गाडी अचानक पिकअप सोडते, आयडलला थरथरते, चेक लाइट लुकलुकते: सुरुवात कुठून करावी?

बुटीबोरी_अपडाऊन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४, २०१७ चं मॉडेल, ८२ हजार किमी. सीएनजी किट नाही. प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल आहे. प्लग साधे निकेलचे, ४० हजारावर बदललेले.

लक्षणं अशी: नागपूरच्या वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमच्या आसपास दाबलं की गाडी झटके देऊन राहिली आहे. जोर एकदम जातो, चेक लाइट लुकलुकते, पाय काढला की स्थिर पेटून राहते. आयडलला स्टिअरिंगपर्यंत थरथर जाणवते, आरपीएम ६५० ते ८५० मध्ये खालीवर. सपाट रस्त्यावर हलक्या पायानं ६० ने चालवली तर बरीच ठीक चालते. सकाळी इंजिन थंड असताना आणि पाऊस पडून गेल्यावर त्रास जास्त.

ब्लूटूथवाल्या रीडरवर दोन कोड आले: पी ०३०३ आणि पी ०१७१. आयडलला शॉर्ट टर्म ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) +६, लाँग टर्म +१४, मॅप (इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब) ४१ केपीए. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप ९७.

सुरू होण्याच्या तीनचार दिवस आधी सर्व्हिसिंगमध्ये बॉनेट उघडून प्रेशरनं इंजिन धुतलं होतं. गॅरेजवाले म्हणून राहिले की ऑक्सिजन सेन्सर गेला, सोबत थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लिनिंग करून टाका, अकरा हजार. करू का?

पानापकड

सध्या काहीच करू नका. ऑक्सिजन सेन्सर तर अजिबात नाही.

पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिस होतोय, मधूनमधून पेटत नाही. पी ०१७१ म्हणजे ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या मते मिश्रण पातळ आहे, हवा जास्त अन् पेट्रोल कमी. पण ईसीयूला हे कळतं कसं? सायलेन्सरच्या सुरुवातीला बसवलेला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो त्यावरून. आता तिसरा सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातली अख्खी हवा न जळता बाहेर येते आणि सेन्सरसमोरून जाते. सोबत कच्चं पेट्रोलही येतं, पण ते सेन्सरला तसं मोजता येत नाही. सेन्सर म्हणतो "ऑक्सिजन फार आहे", ईसीयू चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो, ट्रिम +१४ वर जातो आणि कोड पडतो. सेन्सरनं आपलं काम चोख केलंय. आधी ०३०३ चा निकाल लावा, ०१७१ बहुतेक आपोआप जाईल. नाही गेला तर मग त्याचं पाहू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाइट लुकलुकते तेव्हा ईसीयू सांगत असतो की आता होणाऱ्या मिसिंगनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होऊ शकतो. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळते. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी सायलेन्सरचा सगळ्यात महाग तुकडा जातो. तोवर बुटीबोरीला बसनं जा. गाडी हलवायचीच असेल तर जोर न देता, लाइट लुकलुकू न देता.

आता कामाचं. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम वाचून लिहून घ्या: कोड पडला तेव्हाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. कोड पुसला की ही माहितीही जाते, आणि बहुतेक गॅरेजमध्ये पहिलं काम कोड पुसायचंच होतं.

तिसरा सिलिंडर मोजायचा टायमिंग चेनच्या बाजूनं, गिअरबॉक्सच्या बाजूनं नाही. आडव्या बसवलेल्या इंजिनात इथंच लोकांचा दोन नंबर आणि तीन नंबर उलटसुलट होतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अॅल्युमिनिअमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतात. तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर काढताना लॉक दाबून काढा, वायरला धरून ओढू नका. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. १० एमएमचा बोल्ट काढा, कॉइल आधी अर्धा फेरा इकडेतिकडे फिरवा, मगच वर ओढा. सरळ ओढली तर रबरी बूट प्लगवरच राहतो.

आणि आता टॉर्च लावून कॉइलखालच्या, प्लगच्या खड्ड्यात पाहा. पाणी आहे? तेल आहे? प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे? बुटाच्या आतल्या बाजूला तशीच रेघ, पांढुरकी जळल्याची खूण? आधी हे लिहा, पुढचं नंतर.

संत्रा_सिटी

भाऊ, ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे असेल. २०१७ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरून भरा.

पानापकड

पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच रेलमधून जातं. पेट्रोल खराब असतं तर कोड पी ०३०० (कोणता एक सिलिंडर ते न सांगणारा मिसिंगचा कोड) आला असता, किंवा ०३०१ पासून ०३०४ पर्यंत दोनतीन कोड एकत्र. एकट्या तिसऱ्यालाच खराब पेट्रोल मिळतंय असं होत नाही. एकच सिलिंडर म्हणजे त्या सिलिंडरचं स्वतःचं काहीतरी: कॉइल, बूट, प्लग, इंजेक्टर, त्यांची वायरिंग, नाहीतर कंप्रेशन. यादी इथंच संपते, आणि म्हणून हा कोड सोपा.

ई२० चा परिणाम ट्रिमवर मात्र दिसतो. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीला ई२० वर ४ ते ८ टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तुमच्या +१४ मधले तेवढे टक्के त्याच्या खात्यात टाका, उरलेले मिसिंगच्या.

पेट्रोलची शंका फेडायचीच असेल तर काचेच्या मोजपात्रात ८० मिली पेट्रोल, २० मिली पाणी, हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २० चा ३६ च्या आसपास झाला तर ई२०, त्याहून बराच जास्त वाढला तर भेसळीचा विचार करा. आणि पाणी न घालताच नमुन्यात खाली वेगळा थर दिसला तर टाकीतच पाणी शिरलंय. प्रयोग मोकळ्या हवेत करा, किचनमध्ये नाही.

मानकापूर_वर्कशॉप

पानापकड दादांचा क्रम बरोबर आहे. काही गोष्टी जोडतो, कारण हा धागा पुढे दुसरेही वाचतील आणि सगळ्यांचा कोड ०३०३ नसेल.

पहिली. एका वेळी एकच वस्तू हलवा. तिसरी कॉइल पहिल्यावर, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसा, आयडलला दोन-तीन मिनिटं आणि मग थोडं रेस देऊन पाहा. ०३०१ आला तर कॉइल (किंवा तिचा बूट). ०३०३ च राहिला तर कॉइल परत जागेवर नाही, तिथंच राहू द्या आणि आता प्लग बदलून पाहा: तिसऱ्याचा चौथ्यात, चौथ्याचा तिसऱ्यात. ०३०४ आला तर प्लग. अजूनही ०३०३ तर इंजेक्टर आणि कंप्रेशन उरलं. लोक कॉइल अन् प्लग एकाच वेळी बदलतात, गाडी नीट चालते, आणि दोष कशात होता ते कधीच कळत नाही. चांगली कॉइल भंगारात जाते.

कॉइल मल्टिमीटरनं तपासायच्या भानगडीत पडू नका. तीन किंवा चार पिनची कॉइल असेल तर आत ट्रान्झिस्टर असतो, ओहम मोजून काही कळत नाही. शिवाय बाकावर ठीक दाखवणारी कॉइल नव्वद अंशाच्या हेडवर बसून लोडमध्ये मार खाते. अदलाबदलीची टेस्ट फुकट आहे आणि खरी आहे.

दुसरी. चालू इंजिनात "कोणता सिलिंडर मेला" हे शोधायला जुने लोक प्लगची वायर काढत. ती सवय सोडा. कॉइल काढून मोकळी लोंबत ठेवली तर ठिणगी मिळेल तिथं उडते, कॉइलचा ड्रायव्हर जातो, आणि बॉनेटखाली पेट्रोलची वाफ असेल तर आगीचीही भीती. कॉइलऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा. त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद होतं, कॅट सुरक्षित राहतो, आणि ज्याचा कनेक्टर काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो तुमचा मेलेला सिलिंडर.

तिसरी, ०१७१ बद्दल. पुष्कळ ठिकाणी वाचाल की ०१७१ म्हणजे व्हॅक्यूम लीक. एमएएफ सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीत ते बरोबर आहे, कारण सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला ट्रिम +२०, २५०० आरपीएमला +४ असं दिसलं तर लीक समजा. पण या प्रश्नातल्या गाडीला मॅप सेन्सर आहे. मॅनिफोल्डमध्ये कुठूनही हवा आली की तिथला दाब वाढतो, मॅपला तो दिसतो, ईसीयू त्या हिशेबानं पेट्रोल वाढवतो. म्हणून अशा गाडीत मोठी लीक असली तर मिश्रण फारसं पातळ होत नाही, आयडलच चढतो आणि मॅपचा आकडा वर राहतो. तुमचा आयडल चढलेला नाही, उलट पडतोय. मॅप ४१ हा ३० ते ३५ च्या नेहमीच्या आकड्यापेक्षा जास्त आहे, पण एक सिलिंडर काम करत नसेल तर उरलेल्या तिघांना थ्रॉटल जास्त उघडून इंजिन ओढावं लागतं, त्यामुळे तेवढा येतोच.

इंजिन बंद असतानाचे ९७ केपीए मात्र अगदी बरोबर. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, इथं ९६ ते ९८ यायलाच पाहिजे. कोणाच्या गाडीत तो १०३ किंवा ८८ दिसला तर मॅप सेन्सरच खोटं बोलतोय, आणि मग पेट्रोलचा सगळा हिशेब बिघडतो.

पानापकड

मॅपचा मुद्दा पटला, एक अपवाद सोडून. लीक एकाच सिलिंडरच्या इनटेक नळीच्या गॅस्केटपाशी असेल तर हवा बरीचशी त्याच सिलिंडरला जाते आणि तो एकटा पातळ होऊन मिस करतो. आयडलला जास्त, रेस दिल्यावर कमी. इथं उलटं आहे, लोड आला की त्रास वाढतो. म्हणून मी अजून ठिणगीच्याच बाजूनं आहे.

कारण साधं आहे. थ्रॉटल उघडली की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, कंप्रेशनचा दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून प्लगच्या टोकांमधला गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल व्होल्टेज वाढवत जाते. त्यात कुठं दुसरी सोपी वाट मिळाली, बुटाच्या भेगेतून किंवा प्लगच्या चिनीमातीवरून हेडला, तर वीज तिकडून पळते. आयडलला मात्र तीच कॉइल बऱ्याचदा गॅप ओलांडते. चढावर जोर जातो आणि सपाटीला ठीक, तो यामुळे.

बुटीबोरी_अपडाऊन

उघडून पाहिलं.

तिसऱ्या खड्ड्यात तेल आहे, तळाशी बोटभर. पाणी नाही दिसलं, पण तेल जरा दुधाळ वाटलं. चौथ्यात तेलाचा ओलावा, एक आणि दोन कोरडे. तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीवर तुम्ही म्हटली तशी काळी रेघ आहे, वरच्या टोकापासून धातूच्या कडेपर्यंत. नखानं निघत नाही. बूट खालून फुगलेला, मऊ झालाय.

फ्रीझ फ्रेम: १७९० आरपीएम, लोड ७४ टक्के, कूलंट ६८ अंश.

आता गोंधळ. तेल पुसून तिसरी कॉइल पहिल्यावर लावली, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसून पुलावर चक्कर मारली. ०३०१ पण आला आणि ०३०३ पण. पिकअप आधीपेक्षा वाईट. गॅरेजवाल्यांना फोन केला तर म्हणतात बघा, ईसीयू गेला. आता?

पानापकड

ईसीयू ठीक आहे. तुम्ही स्वतःच पुरावा आणून दिलाय.

ठिणगी पळाली की दोन्हीवर खूण पडते, बुटावर आतून आणि प्लगच्या चिनीमातीवर बाहेरून. ती रेघ जळालेल्या तेलाचा कार्बन आहे, आणि कार्बन विजेला वाट देतो. तुम्ही जळका बूट पहिल्या सिलिंडरवर नेला, तिथं तो मार खाऊन राहिला. जळका प्लग तिसऱ्यातच राहिला, त्यावर चांगली कॉइल लावली तरी वीज त्या रेघेवरून पळून राहिली. एका दोषाचे दोन तुकडे झाले, म्हणून दोन कोड. कॉइल लगेच परत जागेवर लावा. नाहीतर पहिल्या प्लगवरही रेघ पडेल आणि दोन कॉइल बाद होतील.

म्हणूनच नुसता प्लग बदलून चालत नाही. जुना बूट नव्या प्लगवर काही दिवसांत नवी रेघ ओढतो. नुसती कॉइल बदलली तरी तेच, उलट दिशेनं. प्लग आणि बूट दोन्ही एकत्र बदला. काही गाड्यांचा बूट स्प्रिंगसकट वेगळा मिळतो, काहींचा कॉइलला चिकटूनच येतो, मग अख्खी कॉइल घ्यावी लागेल. फक्त तिसरी घ्या. चौथ्याचा बूट मऊ झाला नसेल तर पुसून ठेवा.

पण मूळ तिथं नाही. खड्ड्यात तेल आलं कुठून? टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पॅकिंगसोबत प्लगच्या चार नळ्यांना गोल रबरी सील असतात. उष्णतेनं ते रबर कडक होतं आणि टॅपेटवरचं तेल खड्ड्यात उतरतं. तेलानं बुटाचं रबर फुगतं, मऊ होतं. त्यात तुमचे निकेलचे प्लग ४० हजारावर बदललेले, म्हणजे आता ४२ हजार चाललेले. गॅप मोजा, मुळात १.० ते १.१ एमएम असतो, तुमचा १.३ च्या वर निघाला तर नवल नाही. गॅप वाढला, व्होल्टेजची मागणी वाढली, बूट कमजोर झाला. इंजिन प्रेशरनं धुतलं तेव्हा खड्ड्यात पाणी शिरलं, ते दुधाळ तेल म्हणजे तेच. धुण्यानं दोष तयार नाही केला, फक्त शेवटचा धक्का दिला.

मानकापूर_वर्कशॉप

घरी करणार असाल तर क्रम सांभाळा. याच कामात लोक साधी गोष्ट वाईट करून ठेवतात.

खड्ड्यातलं तेल प्लग काढायच्या आधी काढायचं. सिरिंजला पातळ नळी लावून ओढा, उरलेलं काडीला कापड गुंडाळून टिपा. आधी प्लग सैल केला तर तेल आणि खाली जमलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये. नागपुरात कव्हरवर किती माती बसते ते सांगायला नको, त्यामुळे कव्हरच्या कडा आणि कॉइलच्या भोवतालची जागाही आधी साफ करा. कंप्रेसरची हवा मारणार असाल तर डोळ्यांवर चष्मा पाहिजेच.

प्लग काढायला आत रबर किंवा मॅग्नेट असलेली गोटी (सॉकेट) वापरा, बहुतेक गाड्यांना १६ एमएम लागते. चारही प्लग क्रमानं कागदावर मांडा आणि टोकं पाहा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. एकावरच ओलं पेट्रोल म्हणजे ठिणगी नाही. एकावरच कोरडा पांढरट रंग म्हणजे तो सिलिंडर पातळ चाललाय, इंजेक्टर पाहा. टोकावर काळं, चिकट तेल म्हणजे तेल आतून येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. वरच्या चिनीमातीवरचं तेल आणि खालच्या टोकावरचं तेल यात गल्लत नको, दोन्ही दुखणी वेगळी.

प्लग बाहेर आहेतच तर कंप्रेशन मोजून घ्या. त्यासाठी इंजिन थोडं गरम करावं लागेल, पण एवढ्या कामासाठी थंडही चालेल, कारण आपल्याला चौघांची तुलना पाहिजे. फ्युएल पंपाचा रिले आणि कॉइलचे कनेक्टर काढा, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवा, पाच-सहा दणके मिळेपर्यंत सेल मारा. ११ ते १४ बारमध्ये यावं आणि चौघांत एका बारपेक्षा जास्त फरक नसावा. एखादा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. चौघांचाही सारखाच कमी आला तर टायमिंग चेन सरकली का पाहा. तसं असेल तर सोबत पी ००१६ येतो.

टॅपेट कव्हर काढल्यावर हेडची कड प्लास्टिकच्या पट्टीनं साफ करा, ब्लेडनं नाही, अॅल्युमिनिअमवर ओरखडा पडला की तिथून गळणारच. जुनं सील नळीभोवती तुटून राहतं, तेवढं शोधून काढा. टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर, म्हणजे दोन कोपऱ्यांत, सीलंटचा मुगाएवढा ठिपका द्या, बाकी पॅकिंगला कोरडंच बसू द्या. लोक अख्ख्या पॅकिंगला सीलंट फासतात, त्याचे तुकडे आत पडून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत, साधारण १० न्यूटन मीटर. लहान बोल्ट आहेत, हाताच्या अंदाजानं तुटतात.

प्लग हातानंच फिरवत बसवा, पाना अगदी शेवटी. १४ एमएम आट्याला २५ न्यूटन मीटरच्या आसपास, १२ एमएमला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हातानं टेकल्यावर अर्धा फेरा, बस. आट्यांना तेल-ग्रीस काही लावू नका. घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग प्रमाणापेक्षा जास्त आवळला जातो.

वाडी_सीएनजी

माझी कंपनी फिटेड सीएनजी आहे. पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर चढाला झटके. हेच का?

मानकापूर_वर्कशॉप

बहुतेक हेच, फक्त सुरुवातीच्या पायरीवर. सीएनजीच्या मिश्रणातून गॅप ओलांडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल किंवा थकलेला प्लग सीएनजीवर आधी उघडा पडतो आणि पेट्रोलवर काही महिने लपून राहतो. प्लग गॅप ०.७ ते ०.८ एमएम ठेवतात, तुमच्या मॅन्युअलचा आकडा पाहून घ्या. नंतर गॅसचा फिल्टर.

एक वेगळं लक्षणही लक्षात ठेवा: थंड असताना ठीक, गरम झाल्यावर फक्त आयडलला मिसिंग, रेस दिली की गायब. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेट गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन निसटतं. तिथं कॉइल बदलत बसाल तर पैसे वाया. टॅपेट सेट करा, तेही लवकर, नाहीतर व्हॉल्व्ह जळतो.

काटोल_नाका_डिझेल

डिझेलवाल्यांनी यातलं काही घेऊ नका, तिथं ठिणगीचा प्लगच नाही. डिझेलचा जोर अचानक गेला तर आधी टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्डची रबरी नळी चाचपा. फाटली असेल तर दाबल्यावर फुस्स आवाज, मागे काळा धूर आणि पी ०२९९. पावसाळ्यात उंदरांनी टर्बो अॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी कुरतडलेली सापडते, बारीक असते, सहज दिसत नाही. पी ००८७ असेल तर डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. गाडी चालवताना रेल प्रेशरचा हवा असलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी ठेवून पाहा, दाबल्यावर दोघांत अंतर पडलं की पुरवठा कमी पडतोय.

बुटीबोरी_अपडाऊन

काम झालं. टॅपेट कव्हर पॅकिंग सेट, चार प्लग, एक कॉइल. जुन्या प्लगचे गॅप १.३ ते १.४ निघाले. कंप्रेशन १२.४, १२.२, १२.३, १२.१.

पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून पाहिलं, झटका नाही. आयडल ७५० वर स्थिर, मॅप ३३. लाँग टर्म ट्रिम पहिल्या दिवशी +११ होता, आता +६ वर उतरलाय. ०१७१ परत आला नाही. ऑक्सिजन सेन्सर तोच.

एक शंका: जोर पूर्ण आला, पण ४००० च्या वर गाडी जराशी दाबल्यासारखी वाटते. मनाचा खेळ आहे की कॅट गेला?

पानापकड

मोजून घ्या. आधी फुकटची टेस्ट: गाडी उभी, गरम इंजिन, २५०० आरपीएम मिनिटभर स्थिर धरा आणि मॅप पाहा. आकडा एका जागी टिकला तर ठीक. हळूहळू चढत गेला, ३० चा ३५, ३५ चा ४०, तर धूर पुढे सरकत नाही, मागे तुंबतोय.

शंका उरली तर कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर २२ एमएम पान्यानं काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा. आयडलला ०.१ बारच्या आत, २५०० ला ०.२ च्या वर नको. सेन्सर गरम इंजिनावर निघतो, थंडवर आटे धरून बसतात. वर्कशॉपवाल्याला ते आधी सांगून ठेवा, आणि काढलाच आहे तर त्याच भोकातून लहान कॅमेरा टाकून जाळी पाहायला सांगा. वितळलेली जाळी लगेच ओळखू येते, चौकटी बुजून चकाकणारा गोळा झालेला असतो.

ट्रिम +६ ई२० वर ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका. पी ०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) येतो का ते पुढचे दोन-तीन हजार किमी अधूनमधून रीडर लावून पाहत जा. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशर मारू नका असं जॉब कार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं वॉशिंगच्या पोरापर्यंत पोचत नाही.